त्वचेद्वारे विद्युत चेता-उद्दीपन

त्वचेद्वारे विद्युत चेता-उद्दीपन (लघुरूप : टेन्स) ही वेदना कमी करण्यासाठी वापरली जाणारी एक भौतिकोपचार पद्धत आहे. हिच्यात त्वचेवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडांमधून कमी शक्तीचे विद्युत स्पंद शरीरात सोडून त्वचेखालील चेतातंतू उद्दीपित केले जातात. त्यासाठी सुई टोचावी लागत नाही, शस्त्रक्रिया करावी लागत नाही आणि कोणतेही औषध शरीरात जात नाही. वापरले जाणारे यंत्र सहसा खिशात मावेल एवढे लहान असून विद्युतघटावर चालते.

टेन्समुळे वेदनेचे मूळ कारण दूर होत नाही. झिजलेला सांधा, सरकलेली मणक्यातील चकती किंवा मधुमेहाने बाधित झालेल्या चेता या उपचाराने बऱ्या होत नाहीत. मेंदूपर्यंत पोहोचणारी वेदनेची जाणीव काही काळापुरती मंद करणे एवढेच या पद्धतीचे कार्य आहे. ती किती प्रमाणात व कोणत्या आजारांत उपयोगी पडते, याविषयी गेल्या ५० वर्षांत शेकडो चाचण्या झाल्या असल्या तरी तज्ज्ञांमध्ये अद्याप एकमत नाही.

नाव व व्याप्ती

शब्दशः पाहता त्वचेवरून चेतांना उद्दीपित करणारे कोणतेही विद्युत उपकरण या नावाखाली येऊ शकते. मात्र वैद्यकीय व्यवहारात ‘टेन्स’ ही संज्ञा वेदनाशमनाच्या हेतूने वापरल्या जाणाऱ्या, साधारण १ ते २०० हर्ट्झ वारंवारतेच्या स्पंदित प्रवाहापुरती मर्यादित आहे. महाराष्ट्रात रुग्णांच्या बोलण्यात या उपचाराला ‘करंट देणे’ किंवा ‘मशीन लावणे’ असे म्हटले जाते. ‘शेक’ हा शब्दही पुष्कळदा सरसकट वापरला जातो. परंतु टेन्समुळे ऊतींमध्ये उष्णता निर्माण होत नाही, त्यामुळे तो शेक नव्हे. मानसोपचारात वापरल्या जाणाऱ्या विद्युत आघात उपचाराशीही, म्हणजे सर्वसामान्य भाषेतील ‘शॉक ट्रीटमेंट’शी, टेन्सचा संबंध नाही. त्या उपचारात प्रवाह मेंदूला दिला जातो व रुग्णाला भूल द्यावी लागते. टेन्समध्ये रुग्ण पूर्ण जागा असतो आणि त्याला केवळ झिणझिण्या जाणवतात.

इतिहास

वेदनेवर विजेचा उपयोग करण्याची कल्पना विजेच्या शोधापेक्षाही जुनी आहे. पहिल्या शतकातील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने आपल्या औषधसंग्रहात डोकेदुखी आणि गाउट या विकारांवर जिवंत विद्युत मासा लावण्याचा उपाय सांगितला आहे. गाउटच्या रुग्णाने समुद्रकिनाऱ्यावरील ओल्या वाळूत उभे राहून पायाखाली टॉर्पेडो जातीचा मासा ठेवावा आणि पाय बधिर होईपर्यंत तसेच उभे राहावे, असे त्याचे सांगणे होते.

अठराव्या शतकात घर्षणाने स्थितिक विद्युत निर्माण करणारी यंत्रे तयार झाली आणि युरोपात त्यांचा वैद्यकीय उपयोग सुरू झाला. इंग्लंडमधील धर्मोपदेशक जॉन वेस्ली याने १७६० मध्ये विद्युत उपचारांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. १८३१ मध्ये मायकेल फॅरडे याने विद्युत चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावल्यानंतर स्पंदित प्रवाह देणारी उपकरणे बनवणे सोपे झाले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत घरगुती विद्युत उपचार यंत्रांचा मोठा बाजार होता. चार्ल्स विली केंट याने १९१९ मध्ये एकस्व घेतलेले ‘इलेक्ट्रीट’ हे यंत्र रचनेने आजच्या टेन्सशी मिळतेजुळते होते. तथापि अशा यंत्रांच्या जाहिरातींत जवळजवळ सर्वच रोग बरे करण्याचे दावे केले जात. त्यामुळे विद्युत उपचारांची गणना हळूहळू भोंदू उपायांत होऊ लागली आणि वैद्यकशास्त्राने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

परिस्थिती पालटली ती १९६५ मध्ये. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक आणि ब्रिटिश चेताशास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात वेदनाद्वार सिद्धांत मांडला. वेदना ही इजेच्या जागेपासून मेंदूपर्यंत सरळ जाणारी तार नसून मेरुरज्जूमध्येच तिच्यावर नियंत्रण ठेवणारी यंत्रणा असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. सिद्धांत खरा असेल, तर स्पर्शाची संवेदना वाहणारे तंतू विजेने उद्दीपित केल्यास वेदना कमी व्हायला हवी होती. १९६७ मध्ये वॉल आणि शस्त्रक्रियातज्ज्ञ विल्यम स्वीट यांनी हा तर्क तपासून पाहिला. त्यांनी आधी स्वतःच्या डोळ्याखालील चेतेवर प्रयोग केला आणि नंतर दीर्घकालीन वेदना असलेल्या ८ रुग्णांमध्ये चेतांचे विद्युत उद्दीपन केले. त्यांपैकी काहींची वेदना उद्दीपन चालू असताना आणि त्यानंतरही काही काळ थांबली.

त्याच वर्षी अमेरिकी चेताशल्यविशारद नॉर्मन शीली याने मेरुरज्जूवर इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया केली. या शस्त्रक्रियेसाठी कोणता रुग्ण योग्य ठरेल, हे आधी पाहण्यासाठी त्वचेवरून विद्युत उद्दीपन देण्याची चाल पडली. ते करत असताना काही रुग्णांना केवळ त्वचेवरील उद्दीपनानेच पुरेसा आराम पडतो, असे आढळून आले. अशा रीतीने मूळची पूर्वपरीक्षा हाच स्वतंत्र उपचार बनला. अंगावर बाळगता येईल अशा टेन्स यंत्राचे एकस्व १९७४ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड मॉरर याला मिळाले. त्यानंतर जगभरातील भौतिकोपचार विभागांत ही यंत्रे पसरली.

कार्यपद्धती

वेदनाद्वार सिद्धांत

त्वचेपासून मेरुरज्जूकडे जाणारे संवेदी तंतू जाडीनुसार वेगवेगळे असतात. स्पर्श आणि कंपन यांची संवेदना नेणारे ए-बीटा तंतू जाड असून त्यांतून संदेश सेकंदाला सुमारे ३० ते ७० मीटर वेगाने जातो. वेदनेचा संदेश बारीक ए-डेल्टा तंतूंतून आणि त्याहून बारीक असलेल्या सी तंतूंतून जातो. सी तंतूंतील वेग सेकंदाला सुमारे ०.५ ते २ मीटर एवढाच असतो. ठेच लागल्यावर आधी झटकन कळ येते आणि मागाहून ठणका सुरू होतो, त्याचे कारण हा वेगातील फरक होय.

दोन्ही प्रकारचे तंतू मेरुरज्जूच्या मागील शृंगात येऊन मिळतात. तेथील मध्यस्थ चेतापेशी जाड तंतूंच्या संदेशामुळे सक्रिय होतात आणि वेदनेचा संदेश पुढे नेणाऱ्या पेशींना आवर घालतात. मार लागलेला भाग मनुष्य नकळत चोळतो आणि त्याला बरे वाटते, त्यामागे हेच तत्त्व असल्याचे मानले जाते. बाहेरून दिलेल्या प्रवाहाने जाड तंतू बारीक तंतूंपेक्षा लवकर उद्दीपित होतात. त्यामुळे प्रवाहाची तीव्रता योग्य ठेवल्यास वेदनेचे तंतू न चेतवता केवळ स्पर्शाचे तंतू चेतवणे शक्य होते. टेन्सची मुख्य पद्धत याच गोष्टीवर आधारलेली आहे.

शरीरांतर्गत वेदनाशामके

वेदनाद्वार सिद्धांताने सर्व निरीक्षणांचा उलगडा होत नाही. यंत्र बंद केल्यानंतरही काही रुग्णांना बराच वेळ आराम वाटतो, याचे कारण शरीरातच तयार होणाऱ्या अफूसदृश द्रव्यांत असल्याचे दिसते. कॅथलीन स्लुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत कमी वारंवारतेच्या टेन्सचा परिणाम म्यू प्रकारच्या, तर जास्त वारंवारतेच्या टेन्सचा परिणाम डेल्टा प्रकारच्या ओपिऑइड ग्राहींमार्फत होत असल्याचे आढळले. या क्रियेत मेरुरज्जूबरोबरच मेंदूच्या तळाकडून खाली येणारे वेदनानियंत्रक मार्गही सहभागी असतात.

या संशोधनाला व्यावहारिक महत्त्व आहे. मॉर्फिनसारखी औषधे दीर्घकाळ घेणाऱ्या रुग्णांत म्यू ग्राही औषधाला सरावलेले असतात. अशा रुग्णांत कमी वारंवारतेच्या टेन्सचा प्रभाव कमी पडण्याची शक्यता असते आणि जास्त वारंवारता निवडणे श्रेयस्कर ठरते. टेन्स रोज त्याच पद्धतीने दिल्यास शरीराला त्याचा सराव होऊन परिणाम कमी होतो, असेही प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. म्हणून वारंवारता आणि तीव्रता अधूनमधून बदलण्याचा सल्ला दिला जातो.

उपकरण

टेन्स यंत्राचे 3 मुख्य भाग असतात : स्पंद निर्माण करणारा विद्युत मंडल, जोडतारा आणि इलेक्ट्रोड. बहुतेक यंत्रांत दोन स्वतंत्र मार्गिका असतात व प्रत्येक मार्गिकेला इलेक्ट्रोडांची एक जोडी जोडता येते. रुग्णालयांत कार्बनमिश्रित रबराचे इलेक्ट्रोड वाहक जेल लावून पट्टीने बांधतात. घरगुती यंत्रांबरोबर बहुधा स्वतः चिकटणाऱ्या जेलच्या चकत्या येतात. त्यांचा चिकटपणा वापरानंतर कमी होतो. चकतीची कड उचललेली असल्यास सगळा प्रवाह उरलेल्या लहान भागातून जातो आणि तेथे टोचल्यासारखे वाटते किंवा त्वचा भाजते. अशा चकत्या वेळीच बदलाव्या लागतात.

यंत्रावर साधारणपणे पुढील घटक कमी-जास्त करता येतात :

• वारंवारता : दर सेकंदाला सोडल्या जाणाऱ्या स्पंदांची संख्या. ती हर्ट्झमध्ये मोजतात.
• स्पंदावधी : प्रत्येक स्पंद किती काळ टिकतो, ते. तो सहसा ५० ते २५० मायक्रोसेकंद असतो.
• तीव्रता : प्रवाहाचे प्रमाण. ते मिलिअँपिअरमध्ये मोजतात व रुग्णाच्या संवेदनेनुसार ठरवतात.

बहुतेक यंत्रांतील स्पंद द्विदिश असतात, म्हणजे प्रवाह एकदा एका दिशेने आणि लगेच उलट दिशेने वाहतो. त्यामुळे त्वचेवर एकाच प्रकारचा विद्युतभार साठत नाही आणि रासायनिक दाह टळतो.

प्रकार

• पारंपरिक टेन्स : वारंवारता साधारण ५० ते १२० हर्ट्झ आणि स्पंदावधी कमी असतो. तीव्रता एवढी ठेवतात, की रुग्णाला स्पष्ट पण सुसह्य झिणझिण्या जाणवाव्यात आणि स्नायू आकुंचन पावू नयेत. आराम लवकर सुरू होतो. यंत्र बंद केल्यावर तो बहुधा लवकर ओसरतो. हा सर्वांत जास्त वापरला जाणारा प्रकार आहे.
• ॲक्युपंक्चरसदृश टेन्स : वारंवारता १ ते ४ हर्ट्झ एवढी कमी, पण तीव्रता जास्त असते. स्नायू ठेक्यात उडताना दिसतात. आराम सुरू होण्यास वेळ लागतो, पण तो अधिक काळ टिकू शकतो.
• गुच्छ टेन्स : सुमारे १०० हर्ट्झच्या स्पंदांचे छोटे गुच्छ दर सेकंदाला दोन-तीन वेळा सोडले जातात. कमी वारंवारतेचा प्रकार ज्यांना सहन होत नाही, त्यांच्यासाठी तो सुसह्य ठरतो.
• अल्पकालीन तीव्र टेन्स : जास्त वारंवारता, दीर्घ स्पंदावधी व सहन होईल तेवढी कमाल तीव्रता. हा सुमारे १५ मिनिटांपुरताच वापरतात. जखमेची मलमपट्टी बदलणे किंवा टाके काढणे यांसारख्या वेदनादायक क्रियांच्या वेळी तो दिला जातो.

वापराची रीत

इलेक्ट्रोड लावण्यापूर्वी त्वचा साबणाने धुऊन कोरडी करतात, कारण तेल, मलम किंवा घाम यांमुळे प्रवाह नीट जात नाही. संवेदना शाबूत आहे की नाही, हे आधी तपासणे आवश्यक असते. इलेक्ट्रोड बहुधा वेदनेच्या जागेच्या दोन्ही बाजूंना लावतात. ती जागा जखमी असल्यास त्या भागाकडे जाणाऱ्या चेतेच्या मार्गावर किंवा मणक्याच्या कडेला त्याच पातळीवर लावतात. दोन इलेक्ट्रोड एकमेकांना चिकटू न देता त्यांच्यात काही सेंटिमीटर अंतर ठेवतात.

यंत्र शून्य तीव्रतेवर सुरू करून प्रवाह सावकाश वाढवला जातो. ‘जोरकस पण सुखद’ अशी संवेदना हे योग्य मात्रेचे लक्षण मानले जाते. केवळ जेमतेम जाणवेल एवढ्या प्रवाहाचा फारसा उपयोग होत नाही. काही मिनिटांत संवेदना ओसरल्यासारखी वाटते. त्या वेळी तीव्रता थोडी वाढवावी लागते. एक सत्र सहसा ३० ते ६० मिनिटांचे असते.

टेन्सचा परिणाम मुख्यतः यंत्र चालू असताना व त्यानंतर थोडा वेळ टिकत असल्याने तो केव्हा वापरला जातो, याला महत्त्व आहे. गुडघ्याचा संधिवात असलेल्या व्यक्तीला बसून असताना वेदना फारशी जाणवत नाही. मात्र जोतिबा किंवा जेजुरीसारख्या ठिकाणी पायऱ्या चढता-उतरताना ती तीव्र होते. अशा व्यक्तीने खाटेवर पडून यंत्र लावल्यास लाभ कमी दिसतो. चालणे, व्यायाम किंवा घरकाम करताना ते लावल्यास हालचाल सुकर होते का, हे पाहणे अधिक अर्थपूर्ण ठरते. भौतिकोपचारात म्हणूनच टेन्स हा व्यायामाला पर्याय नसून व्यायाम करता यावा यासाठीचे साहाय्य मानला जातो.

उपयोग व पुरावे

टेन्सच्या परिणामकारकतेविषयीचे संशोधन विपुल असले तरी त्याचा दर्जा असमान आहे. पुष्कळ चाचण्या लहान असून काहींत दिलेला प्रवाह अपुरा होता. औषधाच्या चाचणीत खरी व खोटी गोळी दिसायला सारखी ठेवता येते. टेन्समध्ये झिणझिण्या जाणवतात की नाही, हे रुग्णाला लगेच कळते. त्यामुळे केवळ विश्वासाने पडणारा फरक आणि प्रवाहाने पडणारा फरक वेगळे काढणे अवघड जाते. ही अडचण दूर करण्यासाठी काही चाचण्यांत सुरुवातीला काही सेकंद प्रवाह देऊन नंतर तो हळूच बंद करणारी छद्म यंत्रे वापरली गेली आहेत.

अल्पकालीन वेदना

२०१५ मधील कोक्रेन पुनरावलोकनात प्रौढांतील अल्पकालीन वेदनेवरील १९ चाचण्यांचा व १,३४६ रुग्णांचा विचार केला गेला. छद्म उपचारापेक्षा टेन्सने वेदनेची तीव्रता कमी होते, असा तात्पुरता निष्कर्ष त्यात निघाला. परंतु चाचण्यांचा आकार लहान असल्याने तो ठामपणे मांडला गेला नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवरील २१ चाचण्यांच्या २००३ मधील विश्लेषणात टेन्स घेणाऱ्या रुग्णांना वेदनाशामक औषधे छद्म उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत सरासरी सुमारे एक चतुर्थांश कमी लागली. प्रवाहाची तीव्रता पुरेशी होती अशा चाचण्यांत ही घट अधिक होती.

मासिक पाळीतील वेदनेवर जास्त वारंवारतेचा टेन्स उपयोगी ठरत असल्याचे काही चाचण्यांत दिसले आहे. युरोपात १९७० च्या दशकापासून प्रसूतिवेदनांसाठीही तो वापरला जातो. मात्र प्रसूती प्रत्यक्ष सुरू झाल्यानंतर त्याने वेदना लक्षणीय कमी होतात, असा पुरावा नाही. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार त्या टप्प्यावर तो देऊ नये.

दीर्घकालीन वेदना

कंबरदुखीवर टेन्सचा वापर सर्वाधिक होतो आणि वादही त्यावरच अधिक आहे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत जुनाट कंबरदुखीच्या १४५ रुग्णांना खरा टेन्स, छद्म टेन्स आणि व्यायाम यांच्या वेगवेगळ्या जोड्या देण्यात आल्या. ४ आठवड्यांनंतर खऱ्या व छद्म यंत्रात फरक दिसला नाही. व्यायाम करणाऱ्यांना मात्र लाभ झाला. पुढे बहुतेकांनी व्यायाम सोडल्यावर तो लाभही ओसरला. अमेरिकी चेताविज्ञान अकादमीने २०१० मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी टेन्सची शिफारस नाकारली. मधुमेहजन्य चेताविकारातील वेदनेसाठी मात्र त्याचा विचार करावा, असे म्हटले. नाइसनेही २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये, असे मार्गदर्शन केले.

गुडघ्याच्या संधिवातावर स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२० रुग्णांच्या चाचणीत खरा व छद्म टेन्स यांत फरक आढळला नाही. याउलट फायब्रोमायल्जिया या विकाराच्या ३०१ स्त्रियांवर अमेरिकेत झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दररोज हालचाल करताना जोरकस टेन्स घेणाऱ्या स्त्रियांची हालचालीतील वेदना ४ आठवड्यांत छद्म उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाली.

चेताजन्य वेदनेवरील २०१७ च्या कोक्रेन पुनरावलोकनात १५ अभ्यासांचा समावेश होता. पुराव्याचा दर्जा अतिशय कमी असल्याने निश्चित निष्कर्ष काढता आला नाही. २०१९ मध्ये दीर्घकालीन वेदनेवरील सर्व कोक्रेन पुनरावलोकनांचा आढावा घेणाऱ्या अभ्यासाचाही निष्कर्ष असाच होता. २०२२ मध्ये सर्व प्रकारच्या वेदनांवरील ३८१ चाचण्या व २४,५३२ व्यक्ती यांचा एकत्रित विचार करणारे विश्लेषण प्रसिद्ध झाले. टेन्स चालू असताना किंवा संपल्यावर लगेच वेदना छद्म उपचारापेक्षा कमी असते आणि गंभीर दुष्परिणाम आढळत नाहीत, असे त्यात नोंदवले आहे. हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटले तरी प्रश्न वेगळे आहेत : यंत्र लावलेले असताना आराम पडणे ही एक गोष्ट, आणि काही महिन्यांनी रुग्णाची स्थिती सुधारलेली असणे ही दुसरी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे. दुसऱ्याला पुराव्याचा आधार तोकडा आहे.

धोके व निषेध

योग्य रीतीने वापरल्यास टेन्स ही सुरक्षित पद्धत मानली जाते. सर्वांत जास्त आढळणारा त्रास म्हणजे इलेक्ट्रोडखाली त्वचा लाल होणे, खाज सुटणे किंवा चिकट पदार्थाची ॲलर्जी. पुढील परिस्थितीत मात्र टेन्स वापरू नये किंवा केवळ तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरावा :

• हृदयात पेसमेकर किंवा तत्सम विद्युत उपकरण बसवलेले असल्यास. यंत्राचे स्पंद त्या उपकरणाच्या कार्यात व्यत्यय आणू शकतात.
• गरोदरपणात पोट, कंबर व ओटीपोट यांवर.
• मानेच्या पुढील व बाजूच्या भागावर. तेथील धमनीजवळच्या संवेदी केंद्रामुळे रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, तसेच स्वरयंत्राचे स्नायू आकुंचन पावू शकतात.
• डोळ्यांवर, तोंडाच्या आत किंवा छातीतून आरपार प्रवाह जाईल अशा रीतीने.
• अपस्माराच्या रुग्णांत डोके व मानेवर.
• पायातील खोल शिरेत रक्ताची गुठळी असल्यास त्या भागावर. तसेच कर्करोगाची गाठ असलेल्या जागी, तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय.
• जखम, इसब किंवा फाटलेली त्वचा असलेल्या जागी.
• त्वचेची संवेदना नष्ट झालेल्या भागावर.

शेवटचा मुद्दा भारतात विशेष महत्त्वाचा आहे. दीर्घकालीन मधुमेह किंवा कुष्ठरोग यांमुळे हातापायांची संवेदना गेलेल्या व्यक्तीला प्रवाह किती जोराचा आहे, हे कळत नाही. ‘काहीच जाणवत नाही’ म्हणून तीव्रता वाढवत गेल्यास त्वचा भाजते, आणि अशा पायावरील लहान जखमही चिघळू शकते. म्हणून अशा रुग्णांत उपचारापूर्वी संवेदनेची चाचणी घेणे अनिवार्य मानले जाते.

वाहन किंवा यंत्र चालवताना, अंघोळ करताना व झोपेत टेन्स लावू नये. कारण न समजलेल्या वेदनेवर तो लावल्यास गंभीर आजाराचे निदान लांबण्याची शक्यता असते. छातीतील कळ, ताप व वजन घटणे यांसह असलेली पाठदुखी, पायातील बळ जाणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे ही लक्षणे असल्यास आधी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.

महाराष्ट्रातील वापर

भारतात भौतिकोपचाराचे पद्धतशीर शिक्षण मुंबईत सुरू झाले. पोलिओग्रस्त मुलांच्या पुनर्वसनाची गरज लक्षात घेऊन १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने परळ येथील के.ई.एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे विद्यालय स्थापन झाले. १९५५ मध्ये मुंबईतच हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. आज राज्यातील भौतिकोपचाराच्या पदवी अभ्यासक्रमात विद्युत उपचार हा एक प्रमुख विषय असून टेन्स त्याचा भाग आहे. नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांप्रमाणेच कोल्हापूर व कराड येथील अभिमत विद्यापीठांतही हा अभ्यासक्रम शिकवला जातो.

जिल्ह्यांच्या ठिकाणी व तालुक्यांच्या गावी खासगी भौतिकोपचार केंद्रांत टेन्स हे नेहमीचे उपकरण आहे. तेथे येणाऱ्या रुग्णांत शेतकरी, ऊसतोड कामगार, वाहनचालक आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांचे प्रमाण मोठे असते. वाकून केलेले काम, डोक्यावरचे ओझे व दीर्घकाळ उभे राहणे यांमुळे कंबर, मान व गुडघे दुखणे ही त्यांची प्रमुख तक्रार असते. दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ खाल्ल्याने जठरात व्रण होणे व मूत्रपिंडांना इजा होणे हे ज्ञात धोके आहेत. त्या तुलनेत औषधविरहित व एकदाच खर्च करावा लागणारा उपाय म्हणून टेन्सचे आकर्षण आहे. परंतु वेदना तात्पुरती दबल्यामुळे तेच श्रम पुन्हा त्याच रीतीने सुरू राहिल्यास मूळ दुखणे बळावू शकते.

श्रमाने येणारे प्रत्येक दुखणे टेन्सने दाबण्याजोगे नसते. कोल्हापूर जिल्ह्यातील वाडी रत्नागिरी येथे जोतिबाच्या चैत्र यात्रेत उंच सासनकाठ्या तोलून नेल्या जातात व पुष्कळ भाविक डोंगर पायी चढतात. अशा अनभ्यस्त श्रमानंतर स्नायूंमध्ये येणारी ठसठस बहुधा विश्रांतीने काही दिवसांत ओसरते. मात्र खांदा उचलता न येणे, सांध्याला सूज येणे किंवा कमरेतून पायात कळ जाऊन मुंग्या येणे ही इजेची लक्षणे असू शकतात. अशा वेळी यंत्र लावण्याआधी तपासणी करून घेणे आवश्यक ठरते.

नियमन

भारतात १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे ‘वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७’ यांच्या कक्षेत आली असून टेन्स यंत्रांचाही त्यात समावेश होतो. भौतिकोपचार व्यवसायाचे नियमन करण्यासाठी महाराष्ट्राने २००२ चा स्वतंत्र अधिनियम करून व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची तरतूद केली. राष्ट्रीय पातळीवर संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी २०२१ मध्ये कायदा करण्यात आला. घरगुती वापराची यंत्रे मात्र दुकानांतून व इंटरनेटवरून सहज मिळतात आणि ती घेताना अनेकदा कोणाचाही सल्ला घेतला जात नाही.

मिळत्याजुळत्या पद्धती

• व्यतिकरणी प्रवाह उपचार : सुमारे ४,००० हर्ट्झचे दोन प्रवाह एकमेकांना छेदतील असे देऊन खोल भागात कमी वारंवारतेचा परिणाम साधला जातो. ‘आय.एफ.टी.’ या लघुनामाने तो भौतिकोपचार केंद्रांत प्रचलित आहे.
• स्नायूंचे विद्युत उद्दीपन : याचा हेतू वेदनाशमन नसून अशक्त स्नायूंचे आकुंचन घडवून आणणे हा असतो.
• विद्युत ॲक्युपंक्चर : यात त्वचेत टोचलेल्या सुयांमधून प्रवाह दिला जातो.
• मेरुरज्जू उद्दीपन : शस्त्रक्रियेने इलेक्ट्रोड शरीरात बसवले जातात. इतर उपायांना दाद न देणाऱ्या तीव्र चेताजन्य वेदनेसाठी ही पद्धत वापरतात.

हेही पहा

भौतिकोपचार, वेदना, मेरुरज्जू, संधिवात, कंबरदुखी, ॲक्युपंक्चर